शटरची किल्ली आत राहू द्या

‘आमचा सोलापुरात टेरी टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी चार मागांवर सुरू केला. आज सोळा माग आहेत आणि शिलाई, तपासणी, पॅकिंग धरून चोवीस माणसं. मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत माल जर्मनीला जातो. तिथल्या ग्राहकानं आता चाळीस प्रश्नांचा फॉर्म पाठवलाय. मानवी हक्कांचं धोरण आहे का, सक्तीची मजुरी नाही ना, अल्पवयीन कामगार नाहीत ना, तक्रारीची सोय काय, असं सगळं. एक सल्लागार पंधरा हजारांत तयार धोरण आणि भरलेला फॉर्म द्यायला तयार आहे. वडील म्हणतात, आपली माणसं घरच्यासारखी, लग्नाकार्याला आपण पैसे देतो, इथं कसले मानवी हक्क? मला मात्र काही उत्तरं लिहिताना हात अडखळतो. बिहारची चार मुलं वरच्या खोलीत राहतात, रात्री शटरला बाहेरून कुलूप असतं. त्यांची आधारकार्डं वडिलांच्या कपाटात आहेत, कारण उचल घेऊन गावी गेलेला माणूस परत येत नाही. एका कामगाराचा पंधरा वर्षांचा मुलगा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला येतो. शिलाईच्या बायकांना आम्ही डझनावर पैसे देतो. खोटं लिहायचं नाही आणि ऑर्डरही घालवायची नाही. नफा बेताचाच आहे. सुरुवात कुठून करू?
नाव छापू नये, सोलापूर’

नमस्कार,

तुमचा हात जिथं अडखळला, तिथंच तुमचं काम आहे. म्हणून मी फॉर्मच्या क्रमानं उत्तर देत नाही. पहिला नंबर शटरचा.

आज रात्रीपासून ते कुलूप बाहेरून लागता कामा नये. वडिलांना आधी पटवू आणि मग करू, असंही नको. आधी करा, मग पटवा. १८ मे २०२५ च्या पहाटेबद्दल सोलापूरच्या माणसाला मी वेगळं काय सांगणार? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत कामगार होते, मालक होते, मालकांच्या घरची माणसं होती. त्याआधी ८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या अनाज मंडीत, दाट वस्तीतल्या एका इमारतीत, छोट्या कारखान्यांमध्ये काम करून तिथंच झोपलेले ४३ जण गेले. बहुतेकांचा जीव धुरानं घेतला. टेरीच्या कारखान्यात सुटे तंतू मागाखाली, पंख्यांवर, वायरींवर बसलेले असतात. एक ठिणगी पुरते, आणि ज्वाळा पोचायच्या आधी धूर जिन्यानं वर चढतो. वरच्या खोलीत झोपलेल्या मुलाला त्या अवस्थेत, अंधारात, खोकत खाली येऊन दार उघडता आलं पाहिजे. बाहेरून कुलूप असेल तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

तेव्हा कुलूप आतून लावायचं आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर ठेवायची. ती कुठं आहे हे चौघांनाही डोळे मिटून सांगता यायला हवं. जिन्यात गासड्या आणि सुताची पोती एक दिवसही नकोत. खिडक्यांना गज असतील तर निदान एक खिडकी आतून उघडणारी करून घ्या. आग विझवायची सिलिंडरं भिंतीला टांगलेली असतीलच, पण त्यांची तारीख बघा आणि त्या चौघांच्या हातून एकदा चालवून बघा. चोरीची भीती असेल तर राखणदार ठेवा, कॅमेरा बसवा. माणसांना कोंडणं हा चोरीवरचा इलाज नव्हे.

हेही तात्पुरतंच धरा. सहा महिन्यांच्या आत त्या मुलांसाठी कारखान्याबाहेर खोली बघा आणि भाड्यातला निम्मा भार तुम्ही उचला. कारखान्यात राहणारा माणूस कामावरून खऱ्या अर्थानं कधी सुटतच नाही. रात्री दोनला ट्रक आला की त्यालाच हाक जाते, पाण्याची मोटर त्यानंच सुरू करायची, सकाळी झाडून त्यानंच काढायचं. या कामांची नोंद हजेरीत होत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. तुमच्याकडे असंच चालत असणार, असा माझा अंदाज आहे. त्या चौघांना विचारून बघा.

दुसरं, आधारकार्डं. ती उद्या सकाळी ज्याची त्याला परत द्या. ओळख पटवायला झेरॉक्स ठेवलीत तर बास. कार्ड नसलं की त्या मुलाला इथं रेशन घेताना अडचण, बँकेत खातं उघडताना अडचण, सिव्हिलमध्ये दाखल होताना अडचण, सिमकार्ड घेताना अडचण. परक्या गावात त्याचा सगळा आधार त्या कार्डात आहे आणि तो तुमच्या कपाटात आहे. वडिलांचा हेतू त्याला छळण्याचा नाही, हे मी मानते. पण कायदा इथं हेतू विचारत नाही. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. घेतलेल्या पैशांच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करायला किंवा मोकळेपणानं ये-जा करायला अडवलं, किंवा किमान वेतनाहून कमी पैशांवर राबवलं, तर ती या कायद्यानं वेठबिगारी ठरते. तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि तुमच्या वडिलांना विशेष करून हे सांगा, की वेठबिगारी ठरली तर ते कर्ज कायद्यानंच संपतं. उचल वसूल व्हावी म्हणून कार्डं अडकवायची, आणि त्यामुळेच उचलीवरचा हक्क जायचा, असा हा व्यवहार आहे. त्यात कुलूपबंद शटर आणि कपाटातली कार्डं एकाच कारखान्यात सापडली, तर पाहणीला आलेला कोणताही अधिकारी दोन्हींची बेरीज करणारच.

मग उचल बंद करायची का? मी तसं म्हणणार नाही. अचानक बंद केलीत तर तोच माणूस दहा टक्के महिना व्याजानं सावकाराकडे जाईल. उचल द्या, पण तिला शिस्त लावा. महिन्याच्या पगाराहून जास्त देऊ नका. व्याज लावू नका. प्रत्येकाच्या नावाची वही करा, दिलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि बाकी त्याच्यासमोर लिहा आणि एक प्रत त्याच्याकडे राहू द्या. कायद्यानं सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही, पण निम्मा पगार कापला तर माणूस पुन्हा उचल मागणारच. दहा टक्क्यांच्या आसपास कापा. उचल फेडायची बाकी असताना कोणाला काम सोडायचं असेल, तर तो जाऊ शकतो, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बाकीचे पैसे मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्याला रोखून धरण्याचा नाही. कोणी पैसे बुडवून जाईलही. सूत खराब निघालं तर जसं नुकसान सोसता, तसं हे सोसायचं, आणि रक्कम महिन्याच्या पगाराएवढीच असल्यानं ते झेपेल.

लोक उचल मागतात कशासाठी, हेही एकदा जुन्या वहीत बघा. माझ्या पाहण्यात सगळ्यात मोठं कारण आजारपण असतं. तुमची माणसं चोवीस आहेत, म्हणजे दहाची मर्यादा ओलांडून तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येता आणि वीसची ओलांडून भविष्य निर्वाह निधीत. पत्रात तुम्ही दोन्हींबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून विचारते: सगळ्या चोवीसांची नोंदणी आहे, की फक्त नऊ जणांची? महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी ईएसआयचा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहे. बाळंतपण, अपघात, आजारपणातला बुडालेला पगार, घरच्यांचे उपचार, सगळं त्यात येतं. वडील लग्नाकार्याला मोठ्या मनानं जेवढे पैसे देतात, त्याहून या चार टक्क्यांनी त्या घरांना जास्त सावरलं जाईल.

आता वडिलांच्या ‘घरच्यासारखी माणसं’ या म्हणण्याकडे येते. त्यांचा जिव्हाळा खोटा आहे असं मला अजिबात वाटत नाही. चार मागांपासून उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या कामगारांच्या पोराबाळांची नावं माहीत असतात, कोणाच्या आईचं ऑपरेशन कधी झालं ते आठवत असतं. मोठ्या कंपनीच्या मॅनेजरला ते जमत नाही. पण त्या मदतीचा निर्णय दर वेळी वडिलांच्या हातात असतो. ज्याच्यावर मर्जी आहे त्याला वीस हजार मिळतात, जो उलट बोलतो त्याला दोनही मिळत नाहीत. उद्या वडील थकले आणि कारभार तुमच्याकडे आला, परवा तुमच्या भावाकडे गेला, तर त्या माणसांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? मालक रागावलेला असेल त्या दिवशीही जे कापलं जात नाही, जे मागताना मान खाली घालावी लागत नाही, तेवढंच कामगाराच्या हक्काचं असतं. वडिलांनी प्रेमानं दिलेलं सगळं चालू राहू द्या. त्याच्या खाली न हलणारा तळ घालायचाय, आणि तो तुम्ही घालायचाय.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं २०११ मध्ये उद्योगांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांतही हेच आहे. कंपनी केवढीही असो, माणसांचे हक्क न तुडवण्याची जबाबदारी सारखीच. ती पार पाडण्याची पद्धत मात्र आकाराप्रमाणे वेगळी असू शकते. चोवीस माणसांच्या कारखान्याला साठ पानांचं धोरण लागत नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये जबाबदार उद्योगासाठी जी नऊ तत्त्वं जाहीर केली, त्यांतलं पाचवं मानवी हक्कांचंच आहे. त्यामुळे हे परदेशी खूळ आपल्यावर लादलंय, असं वडील म्हणाले तर त्यांना आपल्या राज्यघटनेचा तेविसावा अनुच्छेद दाखवा. वेठबिगारी आणि सक्तीच्या मजुरीला बंदी तिथंच आहे. दिल्लीतल्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं हीदेखील सक्तीची मजुरी आहे, कारण पोटाची अडचण हीसुद्धा सक्तीच असते.

हा निकाल तुमच्या शिलाईच्या खात्याला थेट लागतो. डझनावर पैसे देण्यात गैर काही नाही. पण नेहमीच्या वेगानं काम करणाऱ्या बाईची आठ तासांची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये. तुम्ही स्वतः आठवडाभर शिलाईच्या खात्यात बसा. तीन बायका निवडा, एक चपळ, एक मध्यम, एक नवी. त्यांचे डझन मोजा आणि त्याबरोबर त्यांचा बसून गेलेला वेळही मोजा. लाइट गेली, मागावरून माल आला नाही, मशीन बिघडलं, लेबलं संपली. या वेळेत बाई कारखान्यातच असते, घरी जाऊ शकत नाही, आणि तिला एक पैसा मिळत नाही. नगाच्या दरात सगळ्यात मोठी गळती इथं असते आणि मालकाला ती दिसत नाही, कारण त्याच्या वहीत फक्त डझन असतात. महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईप्रमाणे ठरणारा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तेव्हा तुमचा डझनाचा दर किती वर्षांपूर्वी ठरला होता तेही तपासा. ऑर्डरच्या घाईत जादा तास करून घेतलेत तर त्याचा मोबदला दुप्पट दरानं द्यायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यांत बऱ्याच कायद्यांची नावं आणि मर्यादा बदलल्या, पण दुप्पट दराचा नियम कायम आहे. आणि आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. शिलाईच्या बायकांनाही.

बायकांचं संडास कुठं आहे? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि मालकांच्या पत्रात तो कधीच नसतो. माग खात्यातल्या पुरुषांसमोरून जावं लागतं का, आतून कडी लागते का, पाणी असतं का, दिवा लागतो का, हे तुम्ही स्वतः जाऊन बघा. सोय धड नसली की बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या शेडखाली. मग लघवीची जळजळ, ताप, खाडे, आणि खाड्यांबद्दल पुन्हा बोलणी. एक दार, एक कडी आणि एक टाकी यांचा खर्च त्या सल्लागाराच्या फीपेक्षा फार होणार नाही.

दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. हा कायदा २०१३ चा आहे. अध्यक्ष तुमच्याकडचीच ज्येष्ठ स्त्री, निदान दोन सभासद कामगारांमधले, एक बाहेरची जाणकार व्यक्ती, आणि एकूण निम्म्या तरी स्त्रिया. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण दंडापेक्षा मला तुमच्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवंय. तक्रार जॉबरविरुद्ध, म्हणजे माग खात्याच्या मुकादमाविरुद्ध आली तर? ज्याच्या हातात सोळाही माग आहेत, जो रुसला तर दोन दिवस उत्पादन बंद पडेल, त्याच्याबद्दल एखादी कांडीवाली काही सांगायला आली, तर तुम्ही काय कराल? हे तक्रार यायच्या आधी, शांतपणे, वडिलांसोबत बसून ठरवा. त्या वेळी ठरवायला गेलात तर ऑर्डरची तारीखच निर्णय घेईल. पाळी बदलायची झाली तर त्याची बदलायची, तिची नाही, एवढं तरी आत्ताच लिहून ठेवा. बाहेरची जाणकार व्यक्ती एकट्या कारखान्याला परवडत नसेल तर शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी मिळून एकीलाच बोलवावं. हे अगदी जमण्यासारखं आहे.

त्या पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला पूर्ण बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाला धोक्याच्या कामांवर. कांड्या भरणं त्यात बसतं की नाही, यावर वकील तासभर बोलतील. तुम्ही त्यात शिरू नका. चालत्या मागांच्या शेडमध्ये, त्या आवाजात आणि त्या उडणाऱ्या तंतूंत अठरा वर्षांखालचं कोणी नको, असा सरळ नियम करा. पण नियम केला म्हणून उद्या मुलाला दारातून परत पाठवलं, असं करू नका. तो आला कारण घरात त्याच्या पैशांची गरज होती. तुमच्याकडून निघाला की तो एखाद्या ढाब्यावर नाहीतर गॅरेजवर जाईल, जिथं कोणी फॉर्म पाठवत नाही. त्याच्या वडिलांना बोलवा. शाळा सुटली आहे की चालू आहे, दहावीचं काय, आयटीआयला जाणार का, हे विचारा. तो किती कमावत होता ते बघा, आणि तेवढी भर वडिलांच्या पगारात निदान तो शिकतोय तोवर घाला. किंवा त्याच्या आईला शिलाईत जागा द्या. अठराचा झाला आणि यावंसं वाटलं तर त्याच्यासाठी जागा आहे, असंही सांगा. इथून पुढं कामावर घेताना वयाचा दाखला बघायचा आणि मूळ कागद लगेच परत द्यायचा.

फॉर्ममधल्या भेदभावाच्या प्रश्नापुढे जवळजवळ सगळे मालक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. तुम्ही थोडं थांबा. पाण्याचे माठ आणि पेले सगळ्यांचे एकच आहेत का, संडास साफ करायचं काम न बोलता एकाच समाजाच्या माणसाकडे जातं का, चांगले माग कोणाला मिळतात, तपासणीला बसणाऱ्या पुरुषाला आणि बाईला एकच पगार आहे का. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेडमध्ये काम करतात. हे या शहराचं वैभव आहे आणि कारखान्यात तेवढीच काळजी घेण्याची गोष्टही.

कानांचंही लिहून टाकते. मागावरचा माणूस घरीही मोठ्यानं बोलतो, टीव्हीचा आवाज वाढवतो, आणि पन्नाशीत त्याला नातवंडाचं बोलणं ऐकू येत नाही. कानात घालायची बोंडं अगदी स्वस्त मिळतात. आधी तुम्ही घाला, वडिलांना घालायला लावा, मग कामगार घालतील. वर्षातून एकदा कान आणि छाती डॉक्टरांकडून तपासून घ्या.

फॉर्ममध्ये तक्रारीच्या सोयीबद्दल विचारलंय, तिथं सल्लागार ‘तक्रारपेटी’ लिहील. पेटीत कोणी काही टाकत नाही. अक्षर ओळखू येईल अशी भीती असते, काहींना लिहिता येत नाही, काहींना मराठी येत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या आठवड्यात, कामाच्या वेळेत अर्धा तास माग थांबवून बसा. कामगारांनी स्वतः निवडलेले दोघे, त्यांत एक बाई, आदल्या दिवशी सगळ्यांशी बोलून मुद्दे आणतील. कोण काय म्हणालं हे सांगायची सक्ती त्यांच्यावर नाही. तुम्ही वहीत लिहायचं, काय करणार आणि कधी ते सांगायचं, आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदा तेच वाचायचं. पहिल्या दोन बैठकांत कोणी तोंड उघडणार नाही. तिसऱ्यात पंखा बंद पडल्याचं सांगतील. तो पंखा लगेच दुरुस्त करा, कारण त्यावरून ते ठरवतील की मोठी गोष्ट तुमच्यापाशी बोलायची की नाही. त्या बैठकीत कोणी कडू बोललं तर वडिलांनी ते ऐकून घ्यायला हवं. त्यांना ते जड जाईल. तुम्ही त्यांच्या शेजारी बसा.

आता फॉर्म. सल्लागाराला पंधरा हजार देऊ नका. ‘सक्तीची मजुरी नाही’ यावर सही तुमची असणार, आणि तपासणीस आला तर तो धोरणाची फाइल बाजूला ठेवून त्या बिहारच्या मुलाला विचारेल, की आधारकार्ड दाखव. जिथं काम झालेलं आहे तिथं ‘हो’ लिहा आणि कधी केलं ती तारीख टाका. कार्डं परत केली, कुलूप आतून केलं, हे या आठवड्यातच लिहिता येईल. जिथं झालेलं नाही तिथं ‘अजून नाही’ लिहा आणि कोणत्या महिन्यापर्यंत करणार ते लिहा. समिती, खोली, डझनाचा नवा दर हे त्यात येईल. प्रामाणिक ‘अजून नाही’मुळे ऑर्डर जाईलच असं नाही. जर्मनीतला पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला, आणि दोष सापडल्याबरोबर पुरवठादाराला सोडून द्या, असं तो सांगत नाही. दोष सुधारायला मदत करा, संबंध तोडणं शेवटी ठेवा, असा त्याचा रोख आहे. जबाबदारी त्या कंपनीची आहे, ती जशीच्या तशी कागदावर तुमच्या अंगावर टाकून तिला मोकळं होता येत नाही.

म्हणून फॉर्मसोबत तुम्हीही एक पत्र जोडा. त्यात दोन गोष्टी मागा. एका टॉवेलच्या किमतीत शिलाईचा वाढीव खर्च किती बसतो, त्याचा हिशेब द्या आणि तेवढा दर वाढवून मागा. दुसरी, ऑर्डर पक्की झाल्यापासून माल निघेपर्यंत किती दिवस खरोखर लागतात ते सांगा आणि शेवटच्या क्षणी रंग किंवा संख्या बदलली तर तारीखही बदलेल, हे लिहून घ्या. जादा तास मालकाच्या हव्यासानं होतात तेवढेच ग्राहकाच्या घाईनंही होतात. हक्कांबद्दल चाळीस प्रश्न विचारणाऱ्यानं भाव आणि मुदतीबद्दलचे दोन प्रश्न ऐकून घेतले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. मधला निर्यातदार हे पत्र दडपण्याची शक्यता आहे, म्हणून एकट्यानं पाठवू नका. तोच फॉर्म तुमच्या एमआयडीसीत आणखी कोणाकोणाला आलाय ते शोधा, यंत्रमागधारकांच्या संघात विषय काढा आणि दराची मागणी सगळ्यांच्या सहीनं जाऊ द्या. सगळे मिळून दर मागतील तर ‘शेजारचा स्वस्तात देतो’ हे उत्तर चालणार नाही.

दर वाढला नाही तरी वर सांगितलेल्यातलं बहुतेक तुम्हाला करता येईल. किल्ली, कार्डं, वही, कडी, बैठक यांना फारसे पैसे लागत नाहीत. ईएसआय, भविष्य निधी, दुप्पट दर आणि किमान वेतन यांना लागतात, आणि ते आधीपासूनच द्यायचे होते. त्यात मागची बाकी असेल तर ती लपवायला कोणी युक्ती सुचवेल. ती ऐकू नका. चांगल्या कामगार सल्लागाराकडे जाऊन नोंदणी करा आणि बाकी हप्त्यानं भरता येईल का ते विचारा.

फॉर्म परत पाठवायला तीन आठवडे वाढवून मागा. त्या वेळात शिलाईच्या तिघींचा आठवड्याचा हिशेब, डझन आणि बसलेला वेळ दोन्ही, माझ्याकडे पाठवा. डझनाचा दर किती ठेवायचा, ते आपण आकडे समोर ठेवून पाहू.